उसाचा टन, बर्फाचा टन

चिकोडी तालुक्यात टन कुणाला शिकवावा लागत नाही. गाळप सुरू झाले की कट्ट्यावर दुसरा विषय नसतो : एकरी किती टन पडला, टनाला दर काय मिळणार, तोडणीची टोळी कधी येणार. हा टन हजार किलोचा. तो काट्यावर चढतो, पावतीवर छापून येतो आणि कमी भरल्याचा संशय आला की काटामारीवरून भांडणे पेटतात. गाळप संपते, ऊन चढते आणि चिकोडी-निपाणीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत निराळाच टन ऐकू येऊ लागतो. दहा बाय बाराच्या खोलीला एक टन पुरे; वर थेट स्लॅब असेल, पश्चिमेचे ऊन भिंतीवर येत असेल तर दीड घ्या. एसीचे आतले-बाहेरचे दोन्ही डबे मिळून साठ किलोसुद्धा भरत नाहीत. मग हा टन कशाचा?

बर्फाचा. तोही अमेरिकी बर्फाचा.

बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर तिथल्या तळ्यांवर हिवाळ्यात गोठलेला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात बांधून उष्ण देशांना विकत असे. १८३३च्या मे महिन्यात त्याचे 'टस्कनी' जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि सप्टेंबरात कलकत्त्याला लागले, तेव्हा त्यातला शंभरेक टन शिल्लक होता. लगोलग मुंबईलाही असा बर्फ येऊ लागला. मद्रासमध्ये तो साठवण्यासाठी बांधलेले 'आइस हाउस' आजही उभे आहे. त्याला आता विवेकानंद इल्लम म्हणतात. गिऱ्हाईक बर्फ वजनावर घेई, साठवणारा वजनावर साठवी आणि वाटेत जे विरघळे तेही वजनातच बुडे. गारव्याचा हिशेब वजनात करण्याची सवय या धंद्याने जगाला लावली.

पुढे बर्फ करणारी यंत्रे आली आणि अडचण उभी राहिली. दारूच्या भट्टीवाल्याला किंवा मांसाच्या गोदामवाल्याला बर्फ नकोच होता, थंड खोली हवी होती. त्याला यंत्राची ताकद सांगायची कशी? त्याला समजेल असे एकच माप होते : हे यंत्र चोवीस तासांत जेवढी उष्णता ओढून घेते, तेवढ्या उष्णतेने किती टन बर्फ वितळला असता? म्हणजे 'एक टन' हे यंत्राचे वजन नव्हे आणि ते बनवील त्या बर्फाचेही नव्हे. प्रत्यक्ष बर्फ करायचा तर आधी पाणीच शून्यापर्यंत गार करावे लागते, वाटेत गारवा गळतो. त्यामुळे त्या यंत्रातून निघणारा बर्फ बऱ्याच कमी वजनाचा असे.

बर्फ वितळताना तापमान न वाढता उष्णता पितो, हे ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने अठराव्या शतकातच दाखवून दिले होते. इंग्रजी मापात ती उष्णता पौंडाला १४४ बीटीयू धरतात. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला लागते ती एक बीटीयू. अमेरिकी टन दोन हजार पौंडांचा. २,००० गुणिले १४४ म्हणजे २,८८,०००. भागिले चोवीस तास : बरोबर १२,०००. एक टन म्हणजे तासाला बारा हजार बीटीयू. हा टन इतकी वर्षे का टिकला याचे अर्धे उत्तर या भागाकारात आहे. बाकी काहीच उरत नाही. (खरे तर १४४ हा आकडाही किंचित वर ओढलेला आहे, पण व्यवहाराला गोल आकडाच आवडतो.)

हेच मेट्रिकमध्ये करून पाहा. अमेरिकी टन ९०७ किलोचा, किलोभर बर्फाला साधारण ८० किलोकॅलरी. गुणून चोवीसने भागले की तासाला ३,०२३ येतात. पुस्तकात ३,०२४ छापतात. वॅटमध्ये ते ३,५१७. दीड टन म्हणजे ५.२७५ किलोवॅट. दुकानात उभे राहून हे कोण म्हणणार? पाऊण, सव्वा, दीड, अडीच ज्या भाषेत जिभेवर बसले आहेत, तिथे दीड टन पहिल्याच दिवशी घरचा झाला.

विलिस कॅरियरने १९०२मध्ये ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, तिची क्षमता सांगितली जाते तीही दिवसाला १,०८,००० पौंड बर्फ वितळण्याइतकी अशी. म्हणजे ५४ टन. एअर कंडिशनिंगची सुरुवात बर्फवाल्याच्याच मापाने झाली. इंग्रजांचा टन २,२४० पौंडांचा, म्हणून त्यांचा गारव्याचा टनही तासाला १३,४४० बीटीयूंचा. जपानने हजार किलोचा धरला, तो अमेरिकी टनाहून दहा टक्क्यांनी मोठा. फ्रेंच माणूस टनाच्या वाटेलाच गेला नाही, तो 'फ्रिगोरी' मोजत बसला. बाजारात जिंकला तो अमेरिकी टन, कारण यंत्रे बहुतेक तिथलीच होती.

आता चिकोडीकडे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि त्याच डिसेंबरात वजनमापांचा मेट्रिक कायदा झाला. राज्य आणि शेर, दोन्ही दोन महिन्यांच्या आत हलले. कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने झाली. शेर, मण मागे पडून किलो आणि क्विंटल आले. सोनाराने तोळा हे नाव ठेवले, पण आतले ११.६६ ग्रॅम हळूच दहा केले. शेतकऱ्याने आणखी मजेशीर तडजोड केली : जमीन इंग्रजी एकरात, ऊस मेट्रिक टनात, विहिरीवरची मोटर एचपीत. एकरी साठ टन म्हणताना आपण दोन मोजमाप पद्धती एका श्वासात जोडतो, हे कुणाला जाणवतही नाही.

एसीचा टन या सगळ्यातून सुटला, कारण तो काट्यावर कधी चढलाच नाही. वजनमापे निरीक्षक दुकानदाराची वजने तपासू शकतो. खोलीतून ओढलेली उष्णता कशात घालून मोजणार? ते माप इंजिनिअरांच्या वह्यांत राहिले. बेळगावात सायकलचे दुकान चालवलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या नावाचा उद्योगसमूह पुढे अमोनियाचे कॉम्प्रेसरही बनवू लागला. बर्फाच्या कारखान्यापासून तासगावच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजपर्यंत क्षमता आजही 'टीआर'मध्ये, म्हणजे टनांतच सांगतात.

गावच्या दूध संकलन केंद्रावर मात्र मेट्रिक मापांचे टनांत रूपांतर टाळता येत नाही, कारण दूध लिटरमध्ये येते. समजा धारेचे दोन हजार लिटर दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर तीन तासांत आणायचे आहे. लिटरला अंशामागे साधारण एक किलोकॅलरी धरली तर ६२,००० किलोकॅलरी, तासाला सुमारे २०,७००. भागिले ३,०२४ : जवळजवळ सात टन. मिस्त्री त्यावर थोडी वाढ धरून आठ सांगेल, आणि योग्यच करील. इथे चूक होते ती एका ठिकाणी : हाच हिशेब बीटीयूत करायला तापमानातला फरक फॅरनहाइटमध्ये नेताना काहीजण ३२ मिळवतात. फरकाला ३२ लागत नाहीत. ३१ अंशांना फक्त १.८ ने गुणायचे.

घरगुती एसीच्या अंगावर आता ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे (बीईई) तारांकित लेबल असते आणि त्यावर क्षमता वॅटमध्ये छापलेली असते. जाहिरातीत, खोक्यावर आणि दुकानदाराच्या तोंडी टन, लेबलवर वॅट. लेबलवरचा आकडा ३,५१७ ने भागला की खरा टन हाती येतो. 'दीड टन' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक यंत्रांवर तो आकडा ५,२७५ नसून ५,००० च्या आसपास असतो, म्हणजे १.४२ टन. यात बेकायदा काही नाही, वॅट समोर लिहिलेलेच आहेत. पण उसाच्या काट्यावर शंभरात पाच कमी भरले असते तर काय झाले असते, ते या तालुक्याला सांगायला नको. शिवाय ही क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. एप्रिलच्या दुपारी पारा त्याच्या वर गेला, बाहेरचा डबा पत्र्याच्या छपरावर उन्हात बसवलेला असला, की दीड टन आणखी खाली सरकतो.