होगवेक
होगवेक : नेदरलँड्समधील ॲम्स्टरडॅमजवळच्या वेस्प येथील, तीव्र स्मृतिभ्रंश (स्मरण, विचारशक्ती व दैनंदिन व्यवहारक्षमता क्रमाने खालावणारी अवस्था) असलेल्या वृद्धांसाठीची निवासी शुश्रूषा वसाहत. तेथील पारंपरिक शुश्रूषागृहात १९९० च्या दशकात इव्होन फान आमेरोंगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयी शिस्तीऐवजी घरगुती जीवनक्रम स्वीकारला आणि त्यातूनच २००९ मध्ये ही वसाहत आकारास आली. समान जीवनशैलीचे सहा-सात रहिवासी एका घरात राहतात. स्वयंपाक व कपडे धुणे घरातच होते आणि प्रशिक्षित सेवक गणवेशाऐवजी साध्या पोशाखात वावरतात. प्रवेशद्वार नियंत्रित असल्याने चौक, बाग, किराणा दुकान व उपाहारगृह येथे रहिवाशांना मोकळेपणाने हिंडता-फिरता येते. या प्रतिमानाचा प्रभाव अन्य देशांतील रचनांवर पडला असून फ्रान्समध्ये दाक्स येथे अशी वसाहत २०२० मध्ये सुरू झाली. (पहा : अल्झायमर रोग, वृद्धाश्रम).