टक्क्यांना मोजमाप म्हणू नये

अंबरनाथला शिवमंदिर परिसरात कुणाच्या गच्चीवर फ्री डिशची छत्री बसवायची असली की कारागीर टीव्हीवरच्या दोन पट्ट्या पाहतो, ‘स्ट्रेंग्थ’ आणि ‘क्वालिटी’. क्वालिटीचे टक्के चढेनासे झाले की नट आवळतो. काम भागते, म्हणून मत रूढ झाले आहे की प्रेक्षकाला टक्के पुरेत, सिग्नलचे डेसिबलमधले माप अभियंत्यांकडे राहू द्यावे. मला हे मत साफ अमान्य आहे.

त्यातले खरे आधी मान्य करतो. फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. अंबरनाथहून तो आग्नेयेला, क्षितिजाच्या सुमारे ५८ अंश वर येतो. छत्री तिकडे वळवताना एकाच बॉक्सवरचा आकडा वाढतो की घटतो, एवढेच पाहायचे असते. तिथे टक्के चालतात. पण शेजाऱ्याकडे ७० आणि आपल्याकडे ५५ म्हणून लोक वायर, एलएनबी, कधी अख्खी छत्री बदलतात, तेव्हा ते दोन निरनिराळ्या पट्ट्या एकमेकींना लावत असतात. रक्तदाबाचे १४० कोणत्याही दवाखान्यात १४०च असतात. या ७०चा अर्थ मात्र त्या बॉक्सचा ड्रायव्हर लिहिणाऱ्याने ठरवलेला असतो.

लिनक्सच्या डीव्हीबी (डिजिटल प्रक्षेपण) ड्रायव्हरांत हा घोळ वर्षानुवर्षे उघड दिसत होता. सिग्नल आणि गोंगाट यांचे गुणोत्तर वाचण्याची आज्ञा एकच, उत्तर १६ बिटांचे. पण एक ड्रायव्हर डेसिबलचे दशांश देई, दुसरा ० ते ६५५३५ अशी ताणलेली पट्टी, तिसरा चिपमधला कच्चा आकडा. एप्रिल २०१३च्या ३.९ कर्नेलमध्ये नवी रीत आली. प्रत्येक आकड्याबरोबर त्याची जात सांगायची. डेसिबल असेल तर हजारांश डेसिबलमध्ये द्यायचा, सापेक्ष असेल तर तसे जाहीर करायचे, मोजताच येत नसेल तर ‘उपलब्ध नाही’ म्हणायचे. चुकलेल्या बिटांसोबत एकूण किती बिटे तपासली, तेही द्यायचे.

बॉक्सनेही असेच खरे माप दाखवावे, या मागणीवरचा सगळ्यात जोरकस आक्षेप असा, की स्वस्त चिपकडून अचूक मापाची अपेक्षाच गैर. ट्यूनरचे वर्धन तापमानाने बदलते, वारंवारतेने बदलते, आणि कारखान्यात प्रत्येक नग तपासून जुळवणे परवडत नाही. हे खरे आहे, पण स्ट्रेंग्थपुरते. क्वालिटीला हा आक्षेप लागू पडत नाही. सिग्नल उलगडणाऱ्या डीमॉड्युलेटरला प्रत्येक चिन्ह कुठे पडायला हवे होते ते ठाऊक असते. ते प्रत्यक्षात किती विखुरले, यावरून तो गुणोत्तर काढतो. त्याला बाहेरच्या प्रमाणित शक्तीशी जुळवून घ्यावे लागत नाही. चुका तर तो दुरुस्त करतानाच मोजतो. म्हणजे माहिती चिपमध्ये असतेच, टक्के करताना ती पुसली जाते.

पुसली जाते ती नेमकी पावसाळ्यात लागणारी. केयू बँडचा सिग्नल पाऊस शोषतो, आणि डिजिटल चित्र मुंग्या येत हळूहळू बिघडत नाही. उंबरठ्यापर्यंत स्वच्छ राहते, मग चौकोन पडतात, मग काहीच नाही. हा उंबरठा प्रत्येक प्रक्षेपणाला वेगळा. डीव्हीबी-एस२ या उपग्रह-प्रक्षेपणाच्या मानकात आदर्श स्थितीत क्यूपीएसके ३/४ या प्रक्षेपण-पद्धतीला सुमारे ४ डेसिबल पुरतात, ८पीएसके २/३ या पद्धतीला ६.६ लागतात. तेव्हा ६ डेसिबल गुणोत्तरावर एक वाहिनी सुरळीत चालेल आणि दुसरी लागणारच नाही. त्या ६ला ‘६० टक्के’ म्हटले तर डिश बसवणारा कुठला दोष शोधणार?

‘प्रेक्षकाला कळणार नाही’ हा आक्षेप राहिला. छत्री जुळवण्यासाठी पट्टी खुशाल राहू द्या. तिच्याखाली तीन गोष्टी हव्यात: आताचे गुणोत्तर डेसिबलमध्ये, या वाहिनीचा उंबरठा, आणि दुरुस्त न झालेल्या पॅकेटांची संख्या. निरभ्र आकाशात उंबरठ्याच्या वर एकच डेसिबल शिल्लक दिसला तर छत्री जूनआधी पुन्हा जुळवावी लागेल, हे बदलापुरातल्या कुठल्याही कारागिराला एका नजरेत कळेल.