व्हिस्कीचा कर आणि अ‍ॅस्क्विथ यांचे अडलेले बजेट

२९ एप्रिल १९०९ रोजी ब्रिटनचे अर्थमंत्री डेव्हिड लॉइड जॉर्ज यांनी अर्थसंकल्प मांडला. त्यावर राजाची संमती मिळाली ती २९ एप्रिल १९१० रोजी, म्हणजे बरोबर एक वर्षाने. या वर्षाची कथा बहुधा ‘उमराव विरुद्ध जनता’ अशी सांगितली जाते. ती खोटी नाही. पण सत्ताधारी लिबरल पक्षाच्या नेतृत्वाची खरी दमछाक झाली ती कॉमन्स सभागृहात, स्वतःच्याच मित्रपक्षांपुढे. हा थ्रेड त्याविषयी.

सत्तरी गाठलेल्या गरीब वृद्धांना आठवड्याला ५ शिलिंगपर्यंत पेन्शन नुकतीच सुरू झाली होती. जर्मनीशी चुरस असल्याने नव्या युद्धनौकाही हव्या होत्या. तूट सुमारे १ कोटी ६० लाख पौंडांची. ती भरण्यासाठी लॉइड जॉर्ज यांनी ५,००० पौंडांहून अधिक वार्षिक उत्पन्न असणाऱ्यांवर अधिभार लावला, जमिनीच्या आपोआप वाढणाऱ्या किमतीवर २० टक्के कर सुचवला आणि मद्यावरील शुल्क वाढवले. जमिनीच्या कराने उमराव खवळले. मद्याचे शुल्क मात्र वाचकांनी लक्षात ठेवावे; पुढे तेच नडणार आहे.

४ नोव्हेंबर १९०९ रोजी कॉमन्सने विधेयक ३७९ विरुद्ध १४९ मतांनी संमत केले. ३० नोव्हेंबरला लॉर्ड्सने ते ३५० विरुद्ध ७५ मतांनी फेटाळले. अर्थविधेयक उमरावांनी अडवू नये, हा जुना संकेत मोडला. पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ यांनी जनतेकडे कौल मागितला.

जानेवारी १९१० च्या निवडणुकीत लिबरलांच्या शंभराहून अधिक जागा गेल्या. लिबरल सुमारे २७५, विरोधी युनियनिस्ट सुमारे २७३, मजूर पक्ष ४० आणि आयरिश राष्ट्रवादी ८२. आता गणित मांडून पाहा. मजूर पक्ष सोबत असला, तरी आयरिश सदस्य विरोधकांना मिळाले की सरकार चाळीस मतांनी पडते! काही महिन्यांपूर्वी २३० च्या आधिक्याने संमत झालेले तेच बजेट त्याच सभागृहात आता बुडू शकत होते.

आणि आयरिश सदस्यांना हे बजेट मुळीच आवडत नव्हते. व्हिस्कीवरील वाढीव शुल्क आयर्लंडच्या डिस्टिलऱ्यांवर थेट घाव घालणारे होते. पण त्यांचे नेते जॉन रेडमंड यांची नजर व्हिस्कीच्या पलीकडे होती. आयर्लंडच्या स्वराज्याचे, म्हणजे ‘होमरूल’चे विधेयक १८९३ मध्ये लॉर्ड्सनेच ठेचले होते. (टिळकांनी १९१६ मध्ये आपल्या लीगसाठी घेतलेला शब्द हाच.) म्हणून रेडमंड यांची अट सरळ होती: आधी लॉर्ड्सचा नकाराधिकार काढा, मग बजेटला मते मागा.

अ‍ॅस्क्विथ इथे कात्रीत सापडले. निवडणुकीपूर्वी त्यांनी असा समज होऊ दिला होता की, लॉर्ड्सना वठणीवर आणण्याची हमी घेतल्याशिवाय आपण सत्तेवर राहणार नाही. २१ फेब्रुवारीला त्यांना सभागृहात कबूल करावे लागले की, राजाकडून अशी कोणतीही हमी मिळालेली नाही. मंत्रिमंडळातही एकमत नव्हते. लॉर्ड्सची रचनाच बदलावी, असे काहींचे म्हणणे, तर केवळ अधिकार छाटावेत, असे इतरांचे. बजेट पुन्हा कधी आणणार, या प्रश्नावर अ‍ॅस्क्विथ एवढेच म्हणत राहिले: थांबा आणि पाहा. विरोधकांनी या शब्दांची टिंगल केली. माझ्या मते मात्र त्या घडीला वेळ काढणे हीच त्यांची एकमेव चाल उरली होती.

१४ एप्रिलला त्यांनी अखेर भूमिका स्पष्ट केली. नकाराधिकाराविषयीचे ठराव लॉर्ड्सने नाकारले, तर राजाला सल्ला दिला जाईल. तो अमलात येणार नसेल, तर सरकार राजीनामा देईल किंवा संसद विसर्जित करील. रेडमंड यांना एवढे पुरले. व्हिस्कीवरील शुल्क त्यांनी गिळले. २७ एप्रिलला ९३ च्या आधिक्याने बजेट पार पडले. विल्यम ओब्रायन यांच्या छोट्या आयरिश गटाने तेव्हाही विरोधच केला. दुसऱ्या दिवशी लॉर्ड्सनेही ते मतविभागणी न करता सोडून दिले.

रेडमंड यांना ठरलेली किंमत १९११ च्या पार्लमेंट कायद्याने मिळाली. लॉर्ड्समध्ये तो १३१ विरुद्ध ११४ अशा निसटत्या मतांनी संमत झाला आणि अर्थविधेयक रोखण्याची त्यांची मुदत एका महिन्यावर आली. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १०९ नुसार राज्यसभेला तर १४ दिवसच मिळतात. होमरूलचा कायदा १९१४ मध्ये झाला, पण महायुद्धामुळे लगेच स्थगित झाला. तो अमलात आलेला पाहण्यापूर्वीच, मार्च १९१८ मध्ये, रेडमंड यांचे निधन झाले.