आजाऱ्याचे पथ्य

मराठवाड्यातील कोणत्याही घरात माणूस अंथरुणाला खिळला, की वैद्याला किंवा डॉक्टरांना दारापर्यंत पोचविताना जो प्रश्न हमखास विचारला जातो, तो पथ्याविषयीचा असतो. आणि त्याचे जे उत्तर जालना, अंबड, भोकरदन, परतूर या भागांत पिढ्यानपिढ्या रूढ होऊन बसले आहे, म्हणजे मऊ भात, पेज, मुगाचे पातळ वरण, साबुदाण्याची खीर आणि मोसंबीचा रस, ते इतके सर्वमान्य आहे की त्यालाही काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो इतिहास पाहणे आज अगत्याचे झाले आहे. ज्या रोगांसाठी हे पथ्य घडले त्यांचा जोर पुष्कळच ओसरला आहे, आणि ज्या मधुमेहाचे रुग्ण आज प्रत्येक रुग्णालयात आढळतात, त्यांच्या बाबतीत हेच मायेने भरविलेले अन्न रोगाला हातभार लावीत आहे.

हा मुलूख मूळचा ज्वारीचा. कुंडलिका, दुधना, पूर्णा यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीत खरिपाची आणि रब्बीची अशी दोन्ही हंगामांची ज्वारी पिके, आणि भाकरी, कण्या, अंबील या तिच्याच नाना रूपांवर शेतकऱ्याचा, बलुतेदाराचा आणि सालदाराचा निर्वाह चाले. तांदूळ हा बाहेरून येणारा, पैसे मोजून घ्यावयाचा जिन्नस. तो सणाला, पाहुण्याला आणि आजाऱ्याला. ज्या घरात एरवी भाताचा वास महिनोन्महिने येत नसे, त्या घरातही तांदळाची एखादी लहान पुरचुंडी उतरंडीतल्या मडक्यात जपून ठेवलेली असे, आणि कोणाला ताप भरला म्हणजे ती सोडली जाई. मूठभर तांदूळ जात्यावर जाडसर भरडावयाचे, भरपूर पाण्यात मंद जाळावर शिजू द्यावयाचे, दाणा फुटून पाणी दुधाळ झाले की मिठाचा खडा टाकावयाचा, आणि कोमट झाल्यावर वाटीने थोडे थोडे पाजावयाचे. दुर्मिळ वस्तूला जी प्रतिष्ठा मिळते ती पांढऱ्या भाताला या प्रांतात अशी मिळाली, आणि तो जवळजवळ औषधाच्या पंक्तीला जाऊन बसला.

या शिरस्त्याला अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. पटकी, हिवताप, विषमज्वर आणि अतिसार हे या भागाचे जुने वैरी. त्यांत शरीरातील पाणी आणि क्षार झपाट्याने निघून जातात, भूक मरते, आतडी दुबळी होतात, आणि अशा वेळी मीठ घातलेली पेज ही योग्य अशीच योजना होती. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी साखर, मीठ आणि पाणी यांच्या द्रावणाने पटकीचे असंख्य रोगी वाचविले, त्यामागील तत्त्व आमच्या आजीबाईंच्या पेजेत अजाणता उतरलेले होते. ज्वराला आणि पटकीला जे पथ्य, तेच सर्व आजारांना पथ्य, असा जो समज पुढे दृढ झाला, त्यात मात्र अनर्थाचे बीज होते.

या समजाला रुग्णालयांनीही बळकटी दिली. जालन्यास हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. पुढे स्कॉटलंडच्या मिशनने, ज्याच्या वतीने मिशनरी नारायण शेषाद्री यांनी शहराजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली, येथे इस्पितळही चालविले. त्या काळच्या पाश्चात्त्य धर्तीच्या इस्पितळांत अशक्त रोग्याला दूध, पाव, आरारूट, साबुदाणा आणि कांजी यांवरच ठेवण्याची रीत होती. साबुदाणा तर आपल्या भूमीतला नव्हेच; तो मलायाकडून येई, आणि दुसऱ्या महायुद्धात ही आयात अडली तेव्हा तमिळ मुलखातील सेलम येथे टॅपिओकाच्या कंदापासून तो तयार करण्याचा धंदा उभा राहिला. उपवासाच्या पावित्र्यामुळे आणि इस्पितळाच्या शिफारशीमुळे या परकीय पदार्थाला दुहेरी मान मिळाला. त्याच्या शंभर ग्रॅमात सुमारे ८७ ग्रॅम निव्वळ पिष्ट असते आणि प्रथिन जवळजवळ नसतेच, ही गोष्ट खीर भरविणाऱ्या मायेच्या हाताला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

नवल हे की मधुमेह्याचे पथ्य निराळे असते, हे आपल्या प्राचीन शास्त्राने केव्हाच सांगून ठेवले होते. चरकाने प्रमेहाची, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या रोगवर्गाची, कारणे सांगताना बैठा आराम, अतिनिद्रा, दही, दूध, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांचा निर्देश केला. स्थूल रोगी आणि कृश रोगी यांची चिकित्सा भिन्न ठेवली. आणि प्रमेह्याच्या ताटात तांदळाऐवजी जव, मुगाचे कढण आणि कडू भाज्या यांना अग्रस्थान दिले. सुश्रुताने जन्मजात आणि अपथ्यातून उद्भवलेला असे या रोगाचे दोन प्रकार मानले, आणि निर्धन रोग्याने अनवाणी शंभर योजने चालावे, रानधान्यावर राहावे, विहिरी खणाव्यात अशी कठोर तजवीज सांगितली. पिष्ट कमी करावे, उरेल ते सावकाश पचणारे असावे, आणि शरीराला श्रम द्यावेत, एवढा आशय या वचनांतून निःसंशय निघतो. हे ज्ञान ग्रंथांत राहिले. घराघरांत पोचली ती केवळ ज्वराची पेज.

युरोपात हीच वाट फार उशिरा सापडली. ब्रिटिश तोफखान्याचे शल्यवैद्य जॉन रोलो यांनी कॅप्टन मेरेडिथ नावाच्या एका स्थूल अधिकाऱ्याला भाजीपाला व धान्य जवळजवळ वर्ज्य करून मांस, चरबी आणि रक्ताच्या पुडिंगवर ठेवले, त्याच्या मूत्रातील साखर हटली, आणि १७९७ मध्ये त्यांनी हा वृत्तांत छापून प्रसिद्ध केला.    पुढे पॅरिसच्या १८७०–७१ च्या वेढ्यात अन्नाची टंचाई पडली तेव्हा बुशार्दा या वैद्याला आपल्या मधुमेही रोग्यांच्या मूत्रातील साखर नाहीशी झालेली दिसली, आणि त्याने कमी खाणे व व्यायाम यांचा आग्रह धरला. अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांनी उपासमारीच्या सीमेपर्यंत नेलेला आहार सुरू केला. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो येथे चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचले गेले, आणि त्यानंतर आहारनियंत्रणाची ही शतकभराची विद्या अनेक डॉक्टरांना गौण वाटू लागली. इन्सुलिनने लाखो जीव वाचविले, यात शंका नाही. परंतु औषध आहे म्हणून अन्नाकडे पाहावयाचे नाही, ही वृत्ती त्या यशाच्या पाठोपाठ आली, आणि तिची किंमत दुसऱ्या प्रकारच्या (टाइप २) मधुमेह्यांनी मोजली.

इकडे जालन्याचे ताटही बदलत होते. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापन केली. त्याच वर्षी संकरित ज्वारीचे पहिले वाण देशात प्रसृत झाले. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामांवर मिळणारी सुकडी ज्यांनी खाल्ली, ती पिढी आज वार्धक्यात आहे. १९७६ मध्ये जायकवाडी धरणाचे उद्घाटन झाले, डाव्या कालव्याचे पाणी अंबड, घनसावंगी, परतूरच्या शिवारांत खेळू लागले, उसाचे मळे फुलले आणि अंकुशनगरला समर्थ सहकारी साखर कारखान्याचे धुराडे उभे राहिले. ज्वारीची जागा कापूस, सोयाबीन आणि ऊस यांनी घेतली. स्वस्त धान्याच्या दुकानातून गहू आणि तांदूळ घरात आले. आणि जो भात एके काळी आजाऱ्यासाठी राखला जाई तो रोजच्या ताटात आला. पूर्वी भाकरी खाणारा माणूस दिवसभर औताच्या मागे चालत असे. आज त्याचा मुलगा दुकानाच्या गल्ल्यावर किंवा कचेरीच्या खुर्चीवर बसलेला असतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की आपल्याकडील बालके जन्मतः हडकुळी दिसली तरी त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण अधिक असते. ज्यांच्या आयांनी कुपोषण सोसले त्यांच्या शरीरावर सुबत्तेचे हे ओझे विशेष भारी पडते.

येथे एका लोकप्रिय भ्रमाची दखल घेणे भाग आहे. गहू आणि तांदूळ सोडून ज्वारीची भाकरी धरली की मधुमेहाची चिंता मिटली, असे आता सर्रास सांगितले जाते. ज्वारी ही या मातीची, आणि तिच्याविषयी माझ्या मनात अपार प्रेम आहे; तथापि शंभर ग्रॅम तांदळात सुमारे ७८ ग्रॅम पिष्ट असेल तर ज्वारीत ते ७२ ग्रॅमच्या वर आहेच. साठ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून ४३ ग्रॅमच्या आसपास पिष्ट पोटात जाते. भाकरी पोळीपेक्षा बरी असेल, परंतु तीन भाकऱ्या म्हणजे पथ्य नव्हे.

आता आजचा वॉर्ड पाहावा. पायाची जखम चिघळली म्हणून, शस्त्रक्रियेसाठी किंवा न्यूमोनियाने खेड्यातला मधुमेही रुग्णालयात दाखल होतो. आजाराच्या ताणाने त्याची साखर आधीच चढलेली असते. सकाळी चहाबरोबर बिस्किटांचा पुडा, दुपारी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून भात, वरण आणि पोळ्या, संध्याकाळी गावाहून एस.टी.ने आलेला डबा, त्यात मऊ भातावर तुपाची धार. आणि भेटीस येणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत मोसंबी, कारण जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे आणि आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नये हा रिवाज आहे. एक पेलाभर रसाला तीन-चार फळे पिळावी लागतात; चोथा टाकला जातो, साखर पेल्यात राहते. त्यातही ‘ताकद येण्यासाठी ग्लुकोज लावा’ असा नातेवाइकांचा हट्ट असतोच. पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असते, हे त्यांना कोणी सांगत नाही. मग साखर तीनशेच्या पुढे गेली की इन्सुलिनची मात्रा वाढते, आणि घरची मंडळी सुईला दोष देतात.

या रुग्णाला परदेशी पथ्याची गरज नाही. अर्धी भाकरी, वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, मेथी, अंबाडी, तांदुळजा, शेवग्याच्या शेंगा, चालत असल्यास दोन उकडलेली अंडी, मूठभर शेंगदाणे आणि बिनसाखरेचे ताक, एवढा डबा बदनापूरच्या किंवा मंठ्याच्या कोणत्याही चुलीवर तयार होतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या व्यापक पाहणीच्या आधारे संशोधकांनी असे मांडले आहे की नव्याने मधुमेह जडलेल्याने आहारातील पिष्टाचा वाटा ४९ ते ५४ टक्क्यांवर आणून प्रथिनांचा वाटा १९ ते २० टक्क्यांपर्यंत वाढविला तर रोग मागे हटण्याची शक्यता वाढते. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकर यांचा विचार पुढे नेऊन दोनच वेळा जेवण्याचा जो प्रचार केला, त्याने मराठवाड्यात आहाराची चर्चा घराघरांत नेली, हे त्यांचे मोठे कार्य होय. परंतु रुग्णालयात, आणि तेही इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या चालू असताना, रुग्णाने आपल्या मनाने भाकरी सोडली तर साखर एकाएकी खाली जाऊन तो घामाघूम होऊन बेशुद्ध पडू शकतो. काही नव्या गोळ्यांच्या बाबतीत पिष्ट फारच तोडल्यास रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. आणि मूत्रपिंड दुबळे असल्यास डाळी-अंड्यांनाही मर्यादा पडते. म्हणून पिष्टाची कपात आणि औषधाची कपात एकाच हाताने, म्हणजे उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्याच हाताने, झाली पाहिजे. त्यांनी सकाळच्या फेरीत केवळ केसपेपर न पाहता उशाशी ठेवलेला डबा उघडून पाहावा, आणि तो घेऊन येणाऱ्या बाईशी तिच्या बोलीत, किती भाकरी आणि किती वरण हे मोजून, बोलावे.