चकचकीत गाड्यांची चकचकीत पत्रकं

कुणी नाणी जमवतं, कुणी पोस्टाची तिकिटं. मला नाद आहे रेल्वेच्या जुन्या जाहिरात-पत्रकांचा. गाडी भंगारात जाते, पत्रक मात्र कुणाच्या तरी कपाटात टिकून राहतं. त्यातही माझी आवडती म्हणजे अमेरिकेतल्या ‘स्ट्रीमलाइनर’ गाड्यांची. वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून निमुळत्या, गुळगुळीत घडवलेल्या गाड्यांची. घडी उलगडावी, तर एका बाजूला रंगीत चित्रं आणि दुसरीकडे डब्यांचे आराखडे.

या गाड्या जन्मल्या त्या मंदीच्या काळात. मोटारींनी रेल्वेचं गिऱ्हाईक आधीच पळवलं होतं. २६ मे १९३४ रोजी बर्लिंग्टन रेल्वेची स्टेनलेस स्टीलची, डिझेलवर चालणारी ‘झेफर’ डेन्व्हरहून पहाटे निघाली आणि वाटेत कुठेही न थांबता १,०१५ मैल कापून १३ तास ५ मिनिटांत शिकागोला पोचली. एरवी याच प्रवासाला सुमारे पंचवीस तास लागत. (गाडीत एक गाढवही होतं! त्याचं नाव ठेवलं होतं ‘झेफ’.) तेव्हा जाहिरातीला विकायचा होता वेग.

पंधरा वर्षांनी मात्र सूर पालटला. मार्च १९४९ मध्ये शिकागो ते सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपर्यंत ‘कॅलिफोर्निया झेफर’ सुरू झाली. तीन रेल्वे कंपन्यांनी मिळून चालवलेली ही गाडी प्रतिस्पर्धी गाडीपेक्षा तब्बल दहा-अकरा तास उशिरा पोचत असे. तोच उशीर तिनं विकला! रॉकी पर्वत आणि फेदर नदीची घळ दिवसाउजेडी दिसावी, असंच वेळापत्रक आखलं होतं. गाडीत काचेच्या घुमटाचे, ‘व्हिस्टा-डोम’चे, पाच डबे. ही कल्पना जनरल मोटर्सच्या सायरस ऑसबर्न यांना १९४४ मध्ये, ग्लेनवुड घळीतून इंजिनात बसून जाताना सुचली. ड्रायव्हरला दिसतं ते उतारूला का दिसू नये, असा साधा प्रश्न. आपल्याकडे २०१७ मध्ये मुंबई-मडगाव जनशताब्दीला आणि २०२१ मध्ये डेक्कन क्वीनला जो विस्टाडोम डबा लागला, त्याचं नाव तिकडूनच आलेलं.

पत्रकांत या घुमटाखाली बसलेली माणसं पाहावीत. बहुतेक सगळी गोरी, टापटीप, हसरी. काळा माणूस दिसलाच तर पांढऱ्या कोटात, हातात ट्रे किंवा उशी घेतलेला. पुलमन कंपनीच्या डब्यांतल्या या पोर्टरांना उतारू सर्रास ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारत; मालकाचं, जॉर्ज पुलमनचं नाव नोकराला. ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली १९२५ मध्ये त्यांनी संघटना बांधली आणि कंपनीनं करारावर सही केली १९३७ मध्ये. बारा वर्षं! त्याच वर्षांत छापलेल्या चित्रांतला पोर्टर हसतोच आहे.

भोजनडब्याचं चित्र तर मला फार वेळ थांबवतं. शुभ्र टेबलक्लॉथ, चांदीसारखी भांडी, खिडकीत डोंगर. मे १९४२ मध्ये एल्मर हेंडरसन नावाचे कृष्णवर्णीय गृहस्थ सरकारी कामासाठी सदर्न रेल्वेनं दक्षिणेकडे निघाले होते. भोजनडब्यात कृष्णवर्णीयांसाठी स्वयंपाकघरालगतची दोन टेबलं पडद्याआड असत. तिथेही गोरे उतारू बसले होते. एक खुर्ची रिकामी असूनही त्यांना बसू दिलं नाही. बोलावतो, म्हणाले. बोलावलंच नाही. खटला आठ वर्षं चालला. तोवर कंपनीनं नियम बदलून गोऱ्यांना दहा टेबलं आणि कृष्णवर्णीयांना पडद्यामागचं एक, अशी ‘सोय’ केली होती. जून १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बेकायदा ठरवली. इतकी पत्रकं चाळली, पण भोजनडब्याच्या चित्रात तो पडदा मला कुठेच दिसलेला नाही.

पुढे विमानं आणि महामार्ग आले. १९६७ मध्ये टपालखात्यानं गाड्यांमधलं काम मोठ्या प्रमाणावर काढून घेतलं आणि अनेक गाड्यांचा शेवटचा आधार गेला. ‘कॅलिफोर्निया झेफर’ मार्च १९७० मध्ये बंद पडली. १ मे १९७१ पासून बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या अ‍ॅमट्रॅककडे आल्या आणि १९८३ मध्ये तिनं ते जुनं नाव पुन्हा एका गाडीला दिलं. ती गाडी आजही धावते. घुमट नाहीत, पण मोठ्या काचांचा एक डबा असतो, आणि गाडी वेळेवर असली तर ग्लेनवुडची घळ उन्हातच येते.