भयपट आणि वंश-जातिभेद

भयपट आणि वंश-जातिभेद : वंश किंवा जात यांवर आधारलेल्या सामाजिक तणावाची मांडणी करणारे भयपट, भयपटाच्या तंत्राने तसाच परिणाम साधणारे अन्य चित्रपट आणि त्यांना प्रेक्षकांनी दिलेला प्रतिसाद यांचा इतिहास. प्रेक्षकाच्या मनात भीती व उत्कंठा जागवणे हे भयपटाचे मुख्य प्रयोजन होय. तथापि ही भीती कोणाला वाटते आणि कोणाविषयी वाटते, हा प्रश्न केवळ कलेचा नसून सामाजिकही आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाचा स्थायिभाव असलेले भय हे स्त्रिया व हीन प्रकृतीची पात्रे यांच्या ठायी आढळते, असे म्हटले आहे. म्हणजे भीतीची वाटणीही प्रतिष्ठेच्या उतरंडीनुसार झालेली होती. आधुनिक भयपटाने ही वाटणी काही प्रसंगी उलटी केली. ज्यांच्याविषयी भीती बाळगली जाई, त्यांची स्वतःची भीती त्याने सर्व प्रेक्षकांना अनुभवावयास लावली. अशा चित्रपटांचा प्रेक्षकांवरील परिणाम मुख्यतः त्यांच्या शेवटात एकवटलेला दिसतो.

अमेरिकेतील भयपट : या परंपरेचा आरंभ सामान्यतः जॉर्ज ए. रोमेरो यांच्या नाइट ऑफ द लिव्हिंग डेड (१९६८) या चित्रपटापासून मानला जातो. सु. १ लाख १४ हजार डॉलर खर्चून पेनसिल्व्हेनिया राज्यात तयार झालेल्या या कृष्णधवल चित्रपटात नरभक्षक प्रेतांपासून बचाव करण्यासाठी काही माणसे शेतावरील एका घरात आश्रय घेतात. त्यांचे नेतृत्व करणाऱ्या बेनची भूमिका ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाने केली. पटकथेत बेनच्या वर्णाचा निर्देश नव्हता. चाचणीत जोन्स सर्वांत सरस ठरले म्हणून त्यांची निवड झाली, असे रोमेरो सांगत. रात्रभर झुंज देऊन जिवंत राहिलेल्या बेनला सकाळी आलेली गोऱ्या बंदूकधाऱ्यांची टोळी प्रेत समजून ठार करते. त्यानंतर पडद्यावर येणारी स्थिरचित्रे अमेरिकेतील झुंडबळींच्या जुन्या छायाचित्रांची आठवण करून देतात. चित्रपटाची प्रत घेऊन रोमेरो न्यूयॉर्ककडे जात असताना मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची (४ एप्रिल १९६८) वार्ता त्यांना मोटारीतील रेडिओवर समजली. त्यामुळे चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा हा शेवट निव्वळ कल्पित म्हणून पाहणे प्रेक्षकांना शक्य राहिले नव्हते.

या चित्रपटाच्या प्रेक्षकांविषयी समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी १९६९ मध्ये लिहिलेला वृत्तांत प्रसिद्ध आहे. शिकागोतील दुपारच्या एका खेळाला बहुतांशी मुलेच उपस्थित होती. प्रारंभी ती आनंदाने किंचाळत होती. पुढे मात्र चित्रपटगृह निःशब्द झाले आणि काही मुले रडू लागली. भयपट म्हणजे सुरक्षित खेळ, शेवटी नायक वाचतोच, हा संकेत मोडला गेल्याने हा परिणाम झाला. बेनच्या मृत्यूविषयी जोन्स यांची भूमिका वेगळी होती. बेनची कृत्रिम रीतीने सुटका होण्यापेक्षा त्याचा मृत्यूच कृष्णवर्णीय प्रेक्षकांना अधिक खरा वाटेल, असे त्यांचे म्हणणे होते. एकाच शेवटाने काही प्रेक्षकांना धक्का बसतो, तर काहींना तो अपेक्षितच असतो, ही या प्रकारच्या चित्रपटांची खूण येथे प्रथम स्पष्ट झाली.

बर्नार्ड रोझ यांच्या कँडीमॅन (१९९२) या चित्रपटात शिकागोच्या कॅब्रिनी-ग्रीन या गरीब वसाहतीची पार्श्वभूमी होती. वर्णद्वेषातून मारला गेलेला कृष्णवर्णीय चित्रकार त्यात पिशाचरूपाने परततो. अन्यायाचा बळी हाच भीतीचा विषय झाल्याने हा चित्रपट वर्णद्वेषाची चिकित्सा करतो की कृष्णवर्णीय पुरुषाविषयीची जुनी भीतीच दृढ करतो, याविषयी मतभेद झाले.

जॉर्डन पील यांच्या गेट आउट (२०१७) या चित्रपटात हा पेच वेगळ्या रीतीने सोडवलेला आहे. आपल्या गोऱ्या प्रेयसीच्या घरी पाहुणा म्हणून गेलेल्या ख्रिस या कृष्णवर्णीय छायाचित्रकाराभोवती त्याचे कथानक गुंफले आहे. येथे पिशाच नाही. यजमानांचे अगत्य, स्तुती व हसतमुख चौकशी हेच भयाचे उगमस्थान आहे. शेवटी रक्तबंबाळ ख्रिस रस्त्यावर असताना पोलिसांच्या मोटारीसारखे दिवे दिसतात. संकटात सापडलेल्याला पोलीस दिसणे म्हणजे सुटका, असा भयपटाचा रूढ संकेत आहे. या ठिकाणी मात्र चित्रपटगृहांतून निराशेचे उद्‌गार उमटत आणि मोटारीतून ख्रिसचा मित्र उतरताच टाळ्यांचा कडकडाट होई. मूळ पटकथेत ख्रिसला अटक होऊन तो तुरुंगात जातो, असा शेवट होता व त्याचे चित्रीकरणही झाले होते. पोलिसांच्या गोळीबारात कृष्णवर्णीय नागरिक बळी पडल्याच्या घटनांची देशभर चर्चा सुरू झाल्यावर प्रेक्षकांना सुटकेची गरज आहे, असे वाटून पील यांनी तो बदलला. सु. ४५ लाख डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभर सु. २५ कोटी डॉलरांचे उत्पन्न मिळविले. स्वतंत्र पटकथेसाठी पील यांना २०१८ मध्ये ऑस्कर पारितोषिक लाभले. या विभागात ते मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय लेखक होत.

वंश व जात यांचा अनुबंध : अमेरिकेतील वर्णभेद व भारतातील जातिभेद यांचा इतिहास व स्वरूप भिन्न असले, तरी महाराष्ट्रात त्यांची तुलना दीर्घकाळ होत आली आहे. जोतीराव फुले यांनी आपला गुलामगिरी (१८७३) हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. मुंबईत १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथर या संघटनेचे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतलेले होते. म्हणून वरील चित्रपटांनी उपस्थित केलेला प्रश्न मराठी प्रेक्षकांनाही लागू पडतो. त्याचा विचार करताना मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्याचे उदाहरण उद्बोधक ठरते, कारण लोकपरंपरेतील अद्भुत व भयानक या दोहोंचा जातिभेदाशी असलेला संबंध तेथे ठळकपणे दिसतो.

हिंगोली परिसरातील लोकपरंपरा : हिंगोली जिल्हा परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ११,७७,३४५ असून सु. ८५ टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. औंढा नागनाथ येथील मंदिराविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. शिंपी जातीच्या नामदेवांना मंदिरासमोर कीर्तन करण्यास मनाई झाली, तेव्हा ते मंदिरामागे जाऊन कीर्तन करू लागले आणि मंदिरच फिरून त्यांच्यासन्मुख झाले, असे सांगतात. तेथील नंदी मागील बाजूस असल्याचे कारणही या आख्यायिकेशी जोडले जाते. गुरू ग्रंथसाहिबातील नामदेवांच्या पदांतही देऊळ फिरल्याचा उल्लेख आहे. जातीवरून झालेला अपमान व त्याचे अलौकिक रीतीने झालेले निवारण, असा या कथेचा घाट आहे. श्रोत्यांना तीत अद्भुताचे समाधान लाभते. कोणाचा बळी जात नाही आणि कोणाला शासनही होत नाही.

याउलट लोकसमजुतीतील भुतांच्या जगात जातिभेद मरणानंतरही टिकून राहतो. ब्राह्मणाचे भूत ते ब्रह्मसमंध, मुंज झालेला मुलगा मेल्यास मुंजा, मुसलमानाचे भूत ते खवीस, अशी त्यांची वर्गवारी रूढ होती. मराठवाड्यात भानामतीची समजूतही खोलवर रुजलेली होती. अशा समजुतीत भयाला एक चेहरा लागतो आणि तो बहुधा गावातील एकाकी, गरीब किंवा कमी प्रतिष्ठेच्या व्यक्तीचा असतो. करणी केल्याच्या संशयावरून अशा व्यक्तींचा छळ होत असे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे संस्थापक नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर (२० ऑगस्ट २०१३) संमत झालेल्या राज्याच्या जादूटोणाविरोधी कायद्याने एखाद्यावर करणीचा किंवा भूत लावल्याचा आळ घेऊन त्याला त्रास देणे हा गुन्हा ठरविला. गावाला ज्याची भीती वाटते, प्रत्यक्षात तोच सर्वांत भयग्रस्त असतो, हे वास्तव भयपटाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

या परिसराने जातीय भयाचा प्रत्यक्ष अनुभवही घेतलेला आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव राज्य विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी संमत केल्यानंतर परभणी, नांदेड इ. जिल्ह्यांतील दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली व अनेक कुटुंबांना गाव सोडावे लागले. हिंगोली त्या वेळी परभणी जिल्ह्यात समाविष्ट होते. विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला.

हिंदी व मराठी भयपट : असा अनुभव जवळ असूनही भारतीय भयपटाने जातीचा प्रश्न क्वचितच हाताळला. रामसे बंधूंच्या दो गज जमीन के नीचे (१९७२), पुराना मंदिर (१९८४) इ. चित्रपटांना लहान शहरांतून मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. त्यांतील भयाची सामग्री शापित हवेली, मांत्रिक व विद्रूप सैतान ही होती. मराठीत महेश कोठारे यांच्या झपाटलेला (१९९३) व पछाडलेला (२००४) या चित्रपटांनी भयाला विनोदाची जोड दिली. विशाल फुरिया यांच्या लपाछपी (२०१७) या चित्रपटात उसाच्या फडातील एकाकी घराच्या पार्श्वभूमीवर स्त्री-अर्भकांच्या हत्येचा विषय आला. राही अनिल बर्वे दिग्दर्शित तुंबाड (२०१८) या हिंदी चित्रपटात कोकणातील एका ब्राह्मण घराण्याचा धनलोभ चित्रित झाला असून २०२४ मधील पुनःप्रदर्शनात त्याला पहिल्यापेक्षा अधिक प्रेक्षक मिळाले. या दोन चित्रपटांनी भयपटाला सामाजिक आशय दिला; तथापि जातीय तणाव हा त्यांचा मुख्य विषय नव्हता.

फँड्री व सैराट : मराठीत जातिभेदाच्या भयाचा प्रत्यय भूतपटांनी नव्हे, तर नागराज मंजुळे यांच्या वास्तववादी चित्रपटांनी दिला. फँड्री (प्रदर्शन १४ फेब्रुवारी २०१४) मध्ये कैकाडी समाजातील जब्या या शाळकरी मुलाला सर्वांदेखत डुकरे पकडावी लागतात. त्या वेळी पाहणारे गावकरी हसत असतात. शेवटी संतापलेल्या जब्याने भिरकावलेला दगड थेट पडद्याबाहेर, प्रेक्षकांच्या दिशेने येतो आणि चित्रपट संपतो. पडद्यावरील बघ्यांबरोबर क्षणापूर्वी हसलेला प्रेक्षक त्यामुळे स्वतःच बघ्यांच्या गर्दीत उभा राहतो. हा शेवट काहींना आपल्यावरील आरोप वाटला, तर काहींना तो दीर्घकाळ दाबून ठेवलेल्या संतापाचा उद्गार वाटला.

सैराट (२९ एप्रिल २०१६) या चित्रपटाच्या प्रेक्षकप्रतिसादात हा विरोध अधिक तीव्रतेने प्रकटला. अजय-अतुल यांच्या संगीतामुळे तरुण प्रेक्षक चित्रपटगृहांत उठून नाचत. काही गावी मध्यरात्रीही खेळ लावावे लागले. शंभर कोटी रुपयांच्या घरात उत्पन्न मिळविणारा हा पहिला मराठी चित्रपट ठरला. तेच प्रेक्षक शेवटी मूक होऊन बाहेर पडत. गावातून पळून हैदराबादेत संसार थाटलेल्या आर्ची व परश्या यांच्याकडे तिचा भाऊ व नातलग आईने पाठविलेल्या भेटवस्तू घेऊन येतात. आर्ची चहा करते. त्यानंतर दिसतात ती दोघांची प्रेते आणि रक्तात पाऊल पडलेले त्यांचे मूल. ध्वनी पूर्णपणे थांबलेला असतो. माहेरची भेट ही मराठी मनातील अत्यंत मायेची खूण येथे भयाची खूण होते. गेट आउटमधील पोलिसांच्या दिव्यांचे कार्यही असेच आहे. दोन्ही ठिकाणी ज्यांना या खुणेचा अर्थ अनुभवाने ठाऊक असतो, त्यांना संकटाची चाहूल आधीच लागते. इतरांना ती उशिरा कळते.

या चित्रपटावर टीकाही झाली. शाळा-महाविद्यालयांतील मुलांना तो बिघडवतो, अशी तक्रार काही पालकांनी केली. तो एका जातीला खलरूपात रंगवतो, असाही आक्षेप आला. उलटपक्षी प्रेमिकांच्या हत्या महाराष्ट्रात प्रत्यक्ष घडत असताना वेगळा शेवट खोटा ठरला असता, असे त्याचे समर्थन झाले. बेनच्या मृत्यूविषयी जोन्स यांनी केलेला युक्तिवाद हाच होता. सैराटवरून निघालेल्या धडक (२०१८) या हिंदी चित्रपटात नायक व मूल मारले जातात, पण नायिका वाचते आणि जातीचा निर्देशही बराच पुसट होतो. त्यामुळे मूळ शेवटाचे सामर्थ्य कशात होते, याची चर्चा पुन्हा झाली.

मूल्यमापन : वरील चित्रपटांचे प्रेक्षक एकाच वेळी किंचाळले वा गप्प झाले, तरी त्यांची भीती एकाच जातीची नव्हती. ज्यांच्या दृष्टीने पडद्यावरील प्रसंग कल्पित असतो, त्यांना खेळ संपताच सुटका मिळते. ज्यांना तो ओळखीचा असतो, त्यांना ती मिळत नाही. गेट आउटने ही सुटका जाणीवपूर्वक दिली, तर फँड्री व सैराट यांनी ती नाकारली. औंढ्याच्या आख्यायिकेत बहिष्कृत भक्तासाठी देऊळ फिरते. चित्रपटाच्या प्रेक्षकाला मात्र असा चमत्कार मिळत नाही, त्याला आपली दृष्टी स्वतःच फिरवावी लागते. दुसऱ्याच्या भीतीला काही क्षण आपली भीती मानावयास लावणे, ही अशा चित्रपटांची महत्त्वाची सामाजिक कामगिरी होय. तो अनुभव चित्रपटगृहाबाहेर कितपत टिकतो, हे मात्र चित्रपटावर नव्हे, तर समाजावर अवलंबून राहते.