दोन हातांची विद्या



चाकणचें नांव काढलें कीं इतिहासाच्या जुन्या शिक्षकास प्रथम संग्रामदुर्ग आठवतो. इ.स. १६६० मध्यें शाएस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढें फिरंगोजी नरसाळ्यानें मोजक्या शिबंदीनिशीं तो भुईकोट सुमारें दोन महिने लढविला. आज त्याच परिसरांत मोटारींचे कारखाने उभे आहेत. बाहेरची कुमक येईपर्यंत किल्ला हातचा जाऊं न देणें ही युद्धविद्या होय. माणसाचें हृदय एकाएकीं बंद पडलें असतां रुग्णवाहिका येईपर्यंत त्याचा प्राण हातचा जाऊं न देणें, हीही तशीच एक विद्या आहे. तिला आज सर्वत्र सीपीआर म्हणतात. ती डॉक्टरांची विद्या, असा आपला समज आहे. तिचा इतिहास पाहिला तर ती मुख्यतः कामगाराच्या मरणांतून जन्मास आली, असें दिसून येतें.

हा इतिहास थोडक्यांत सांगतों. १७३२ सालीं स्कॉटलंडांतील अलोआ येथें कोळशाच्या खाणींत धुरानें गुदमरलेला एक मजूर बाहेर काढण्यांत आला. त्याची नाडी लागत नव्हती. टॉसॅक नांवाच्या शस्त्रवैद्यानें त्याच्या तोंडास तोंड लावून आपला श्वास त्याच्या छातींत भरला, आणि तो मजूर शुद्धीवर आला. १७४० मध्यें पॅरिसच्या विज्ञान अकादमीनें बुडालेल्या माणसासाठीं हाच उपाय सुचविला. १७६७ मध्यें अ‍ॅम्स्टरडॅमला व १७७४ मध्यें लंडनला बुडालेल्यांस वांचविणाऱ्या मंडळ्या निघाल्या. परंतु परक्याच्या तोंडास तोंड लावण्याची किळस आड आली, आणि हळूहळू हा उपाय मागें पडला. त्याऐवजीं माणसास पालथें घालून पाठ दाबण्याच्या पद्धती आल्या. शेफरची १९०३ सालीं आणि होल्गर नील्सनची १९३२ सालीं. हातीं आलेली विद्या मनुष्यजातीनें शंभर-दीडशें वर्षें अशी बाजूस ठेवली! १९५० नंतरच्या दशकांत ईलम व सफार या अमेरिकन डॉक्टरांनीं प्रयोगानें सिद्ध केलें कीं, आपण सोडलेला श्वासही दुसऱ्यास जगविण्यास पुरेसा असतो.

हृदयाची कथाही अशीच आहे. अमेरिकेंत विजेच्या तारांवर काम करणारे कामगार झटका लागून मरूं लागले, तेव्हां वीज कंपन्यांनीं या प्रश्नाच्या संशोधनास पैसा पुरविला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत तें काम करणारे कौवेनहोवेन हे वैद्य नव्हते. विजेचे एंजिनियर होते. प्रयोग चालू असतांना १९५८ च्या सुमारास निकरबॉकर या त्यांच्या तरुण सहकाऱ्याच्या ध्यानांत आलें कीं, विजेच्या जड पट्ट्या छातीवर नुसत्या दाबल्या तरी रक्ताचा दाब वाढतो. १९६० च्या जुलैंत, शस्त्रवैद्य ज्यूड यांच्यासह, त्यांनीं २० रोग्यांची हकीगत प्रसिद्ध केली. त्यांपैकीं १४ वांचले होते. या कामास दोन हातांपलीकडे कांहीं लागत नाहीं, हें त्यांनीं जगास सांगितलें. त्याच वर्षीं नॉर्वेंतील लेर्डाल या खेळणीं बनविणाऱ्या कारखानदारानें सरावासाठीं माणसाएवढी बाहुली तयार केली. खाणमजूर, तारकामगार, एंजिनियर आणि खेळणींवाला, इतक्यांचा या विद्येस हात लागला आहे.

आतां आपल्याकडे वळूं. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें दर १५० कामगारांमागें प्रथमोपचाराची पेटी आणि ती सांभाळण्यास प्रमाणपत्रधारी माणूस ठेवणें बंधनकारक केलें. पुढें १९५४ मध्यें पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली; १९६२ मध्यें औद्योगिक विकास महामंडळ आलें; १९८२ मध्यें पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. कारखान्यांपाठोपाठ पेट्याही आल्या असतील. परंतु पेटी भिंतीवर टांगतां येते, विद्या तशी टांगतां येत नाहीं.

हें मी अनुभवानें बोलतों. शाळकरी वयांत स्काउटच्या पथकांत मी पाठ दाबण्याचीच पद्धत शिकलों. ती केव्हांच मागें पडली आहे, हें आम्हांस कोणी सांगितलें नाहीं. सुमारें तीस वर्षांपूर्वीं चिंचवडला, पहिली पाळी सुटण्याच्या वेळीं, पन्नाशीचा एक गृहस्थ माझ्या देखत सायकलवरून उतरला, रस्त्याच्या कडेला बसला आणि तेथेंच आडवा झाला. जेवणाचा रिकामा डबा सायकलला तसाच लटकत होता. कोणी कांदा आणला, कोणी चप्पल हुंगविली. मी वर्तमानपत्रानें वारा घालीत होतों. “हात लावूं नका, पोलीस चौकशी मागें लागेल,” असें कोणीसें म्हणालें, आणि खरें सांगावयाचें तर तें आम्हां सर्वांस सोयीचें वाटलें. तेथें वीस-पंचवीस माणसें होतीं. म्हणजे चाळीस-पन्नास हात होते. त्यांतील एकही हात त्याच्या छातीवर पडला नाहीं. तो गेला. छाती दाबली असती तर तो वांचलाच असता, असें मी म्हणत नाहीं. पण आम्हीं त्यास ती संधि दिली नाहीं. मुलांना इतिहास शिकविणारा मी, त्या दिवशीं नुसता प्रेक्षक ठरलों.

त्या वेळची भीति आज बाळगण्याचें कारण उरलेलें नाहीं. जखमीवर तातडीनें उपचार करणें हें प्रत्येक डॉक्टरचें कर्तव्य आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८९ मध्येंच सांगितलें. अपघातग्रस्तास मदत करणाऱ्यास त्रास होऊं नये म्हणून केलेल्या नियमांस त्याच न्यायालयानें ३० मार्च २०१६ रोजीं बंधनकारक स्वरूप दिलें, आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीनें अशा मदतगारास संरक्षण मिळालें. महाराष्ट्रांत २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा चालू आहे. पण पाळी सुटण्याच्या वेळीं नाशिक रस्त्यावर भोसरी ते चाकण वाहनांची रांग ज्यानें पाहिली आहे, त्यास कुमक वेळेवर येईलच असा भरंवसा धरतां येणार नाहीं. आणि हृदय बंद पडल्यावर कांहींच न केल्यास वांचण्याचा संभव दर मिनिटास सुमारें ७ ते १० टक्क्यांनीं घटत जातो.

म्हणून कृति ध्यानांत ठेवावी. विजेचा झटका असल्यास प्रथम वीज तोडावी. पडलेल्या माणसाचे खांदे हलवून मोठ्यानें हांक मारावी. उत्तर नाहीं व श्वास नीट नाहीं, अगर नुसते आचके येत आहेत, असें दिसल्यास एकानें १०८ ला दूरध्वनि करावा. त्यास कठीण जमिनीवर उताणें ठेवावें. तळहाताची टांच छातीच्या मध्यभागीं ठेवून दुसरा हात तीवर ठेवावा आणि कोपर ताठ धरून मिनिटास १०० ते १२० वेळां, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबावें. प्रत्येक वेळीं छाती पुरती वर येऊं द्यावी. दर दोन मिनिटांनीं माणूस बदलावा, पण काम थांबवूं नये. बुडालेल्यास व लहान मुलांस श्वास देणेंही अगत्याचें असतें; तें शिकलेल्यानें अवश्य द्यावें.

ऐकून ही विद्या येत नाहीं. पोहण्याप्रमाणें ती हातांनींच शिकावी लागते. जाणत्याकडून बाहुलीवर एकदां सराव करावा, आणि वर्षादोन वर्षांनीं तो पुन्हां करावा. या पट्ट्यांत यंत्राचा सांधा बोटांनीं ओळखणारे हजारों कुशल हात आहेत. त्यांपैकीं प्रत्येक घरांतील दोन हात जरी तयार झाले, तरी रस्त्यावर कोसळलेल्या माणसाभोंवतीं पुढच्या वेळीं नुसती गर्दी जमणार नाहीं. कुमक येईपर्यंत किल्ला लढविणारी शिबंदी तेथें असेल. मी त्या दिवशीं काय केलें नाहीं तें आपणांस सांगितलें. आपण तसें करूं नये, एवढीच विनंति.